बावीस नंबरचं दार

रात्री पावणेतीनला बस्त्यावचा फोन.
"बाय, बर्फाची चिठी येणा नाय.
चारांक होड्ये लागतले."

मी शिरोड्यात, मशीन वेंगुर्ल्याच्या बंदरावर,
पहिली एसटी साडेपाचला.
लॅपटॉप पांघरुणातच उघडते.
दिवा लावायचा प्रश्न नाही,
त्यामुळे घरात कुणी जागं होत नाही.

एका कानात इअरफोन, दुसऱ्यात बस्त्याव.
स्क्रीन रीडर मी इतका पळवते
की भाच्याला ती फोडणीतली मोहरी वाटते.
मला वाक्यं ऐकू येतात.

पिंग करते. उत्तर येतं.
म्हणजे वीज आहे, तार आहे, मशीनला धुगधुगी आहे.
मग बावीस नंबरच्या दारावर थाप.
आतून लगेच: कनेक्शन रिफ्यूज्ड.

लगेच. हे महत्त्वाचं.
टाइम आउट झालं असतं
तर ताटकळले असते परक्या खळ्यात,
घर रिकामं की माणसं झोपलेली, न कळून.
नकार आला, म्हणजे आत कुणीतरी आहे.
नोकरीच्या अर्जांना मला
इतकं झटपट उत्तर क्वचित मिळालंय.

संध्याकाळी वीज जाऊन आली असणार.
मशीन उठलं, दारवान उठला नाही.

"बस्त्याव, स्क्रीनवर काय दिसता?"
"काय नाय. मॉनिटर शनवारीच गेलो.
खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान."
"मग कीबोर्ड घे."
"आणि बघू खय?"
"बघू नको. मधल्या रांगेवर बोटां फिरय."

बराच वेळ नुसती कॉम्प्रेसरची घरघर.

"पुळी आसा गो! दोन पुळये!
बारा वर्सां पुसतंय ह्यो कीबोर्ड,
कधी हाताक लागले नाय."

तिथून पुढे मी त्याला चालवलं,
पुळीच्या डावीकडे एक, वर एक,
वाफ्यातून पाणी न्यावं तसं.
पासवर्ड मोठ्याने सांगावा लागला.
"खवळे? माशाचे?"
"हस मागीर."

पासवर्ड टाकताना लिनक्स काहीच दाखवत नाही.
ठिपका नाही, फुली नाही, कर्सर जागचा हलत नाही.
मला कुणीतरी हे कौतुकाने सांगितलं होतं,
बघणाऱ्यांनाही तिथे चाचपडावं लागतं म्हणून.
माझा रीडरही तिथे गप्प बसतो.
कळ दबली एवढंच बोटाला माहीत.

मग मोठी ओळ, सेवा सुरू करायची.
सातवीपर्यंतच्या इंग्रजीवर त्याने ती ओढत आणली.
मी थाप मारली.
रिफ्यूज्ड.

पुन्हा सगळं पहिल्यापासून.
रिफ्यूज्ड.
त्याचा श्वास मोठा झालेला,
मागे कुणीतरी विचारत होतं, अंधळ्या बायकडे कित्या इचारतस?
बस्त्याव काय बोलला ते मी ऐकलं नाही असं धरून चालू.

"उजव्या कोपऱ्यात दिवे आसत बघ. किती पेटलेत?"
"दोन."
"एकच होयो. डाव्या करंगळीकडची कळ दाब, पुळयेच्या रांगेतली, अगदी कडेची."
"विझलो!"

कॅप्स लॉक.
त्या रात्री त्याचे डोळे लागले ते एवढ्यापुरते.

तिसऱ्यांदा थाप मारली
आणि क्षणभर काहीच आलं नाही,
नकार नाही, होकार नाही.
मग मोहरी तडतडली:
पासवर्ड?

आत गेले. शेवटचं लॉगिन मंगळवार, तेही माझंच.
प्रिंटरच्या तोंडाशी सत्तेचाळीस चिठ्या तुंबलेल्या.
त्या सोडवल्या, दारवानाला बजावलं
की यापुढे मशीनबरोबर उठायचं,
आणि बस्त्याव ओरडायच्या आधी
फोनमधून कागदाची करकर मीच ऐकली.

फोन बंद करायला तो विसरला.
लादी घसरत आली, फुटली,
शिव्या, गमबूट, कुणाच्या तरी टोपल्याचा कडी-कडी आवाज.
वीस मिनिटं ऐकत होते.

मग पासवर्ड बदलला.
या वेळी मासा नाही.